पाय टेकू नका!

ना पोहता येत, ना पाण्यात डोळे उघडता येत. अशा मुलीने अंदमानला जाऊन स्नॉर्केलिंग केलं तर काय होईल? धम्माल तर होतेच. पण एक चूकही होते, आणि ती बरेच दिवस पाठ सोडत नाही...

सुरुवात नेहमीसारखी व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाली. ‘अप्रेझल झालं. वाट लागली. कुठेतरी जाऊ या!’ एवढाच मेसेज. पाठवणारी हिंजवडीतली आयटीवाली मैत्रीण. दुसरी बँकवाली, तिच्या सुट्ट्या मार्चआधी संपवायच्या होत्या. तिसरी मी, फ्रीलान्सर. म्हणजे सुट्टी कायम आणि पैसे कधीमधी. गोवा झालं, केरळ झालं, कोकण तर घरचंच झालं. शेवटी कोणीतरी ‘अंदमान’ टाइप केलं. त्यावर हिंजवडीहून लगेच उत्तर, ‘येस्स! स्नॉर्केलिंग!!’ आणि त्यापुढे चांगले चौदा मासे.

मीही अंगठा पाठवून दिला. अंगठा पाठवायला काय जातंय?

खरं सांगायचं तर मला पाण्याची जाम भीती वाटते. मी नऊ वर्षांची असताना वाईला आजोळी गेले होते. घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले ती थेट कृष्णेत. मामाने वेणीला धरून बाहेर ओढलं. दोन-चार सेकंदांचा मामला असेल, पण पायाखाली काहीच नाही ही भावना तेव्हापासून अंगात बसली ती बसलीच. आजही शॉवरखाली शाम्पू धुताना मी एक हात भिंतीला टेकवून उभी असते. हसू नका!

तेव्हा मंडळी, हा लेख कुठल्या अॅडव्हेंचर-क्वीनने लिहिलेला नाही. तुमच्यासारख्याच एका खुर्चीत बसून काम करणाऱ्या मुलीने लिहिलाय.

हत्तीला जमतं, मग मला का नाही?

फेब्रुवारीत आम्ही पोर्ट ब्लेअरला उतरलो. सप्टेंबर २०२४ पासून या शहराचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, पण लोकांच्या तोंडी अजून जुनंच. विमानतळाला नाव सावरकरांचं. त्यामुळे मराठी टूरिस्टचा पहिला दिवस सेल्युलर जेलला, हे ठरलेलंच. आम्हीही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक. या बेटाचं नाव २०१८ साली स्वराज द्वीप झालं. तिकिटावर एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं. गोंधळून जाऊ नका, बेट एकच आहे.

इथली पहिली गंमत म्हणजे घड्याळ. अंदमान भारताच्या पार पूर्वेला, पण वेळ आपलीच, म्हणजे आयएसटी. त्यामुळे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य गुल! पुण्यात त्या वेळी आपण ऑफिसातल्या दुसऱ्या चहाला उठत असतो. म्हणजे ‘आरामात उठू, ब्रंच करू, मग समुद्रात जाऊ’ हा प्लॅन इथे चालत नाही. समुद्र सकाळचा.

हॅवलॉकवरचा स्नॉर्केलिंगचा हिट स्पॉट म्हणजे एलिफंट बीच. जेट्टीवरून स्पीडबोटने वीसेक मिनिटं, नाहीतर जंगलातून चालत. उतरल्या उतरल्या दिसतात ते वाळूत आडवे पडलेले प्रचंड वाळके बुंधे. २००४ च्या त्सुनामीने हा किनारा पार बदलून टाकला, त्याच्या या खुणा. आणि नावात हत्ती आहे, कारण एके काळी अंदमानच्या जंगलात लाकडाचे ओंडके ओढायला हत्ती आणले जायचे. त्यांच्यातलाच राजन नावाचा हत्ती समुद्रात पोहण्यासाठी जगभर फेमस झाला. २०१६ मध्ये तो गेला.

चार टनांच्या प्राण्याला जमत होतं. मी तर पंचावन्न किलोंची...

‘दीदी, नाक को भूल जाओ’

आमचा गाइड तिशीतला, हॅवलॉकचाच. घरी बांगला बोलणारा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९५० च्या दशकात सरकारने इथे वसवलं, त्यामुळे बेटावर बंगाली खूप ऐकू येते. मराठीत दादा, बंगालीतही दादा. चला, निदान हाक मारायचं टेन्शन मिटलं!

दादाने मला एक मास्क दिला, एक नळी दिली आणि एक मंत्र दिला, “दीदी, नाक को भूल जाओ.”

स्नॉर्केलिंगचा सगळा फंडा या एका वाक्यात आहे. मास्क डोळे आणि नाक दोन्ही झाकतो. नळीचं टोक दातांत धरायचं, ओठ मिटायचे आणि श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. चेहरा पाण्यात, नळीचं दुसरं टोक हवेत. ऑक्सिजनची टाकी नाही, खोल बुडी नाही. पृष्ठभागावर पालथं पडायचं आणि खाली बघत राहायचं. बस्स! ऐकायला सोपं आहे ना? पण आयुष्यभर नाकाने श्वास घेतलेल्या बाईला नाक विसरायला सांगणं म्हणजे पुणेकराला दुपारची झोप विसरायला सांगण्यासारखं आहे.

पहिल्या चार वेळा मी चेहरा पाण्यात घातला आणि तडक बाहेर काढला. पाचव्या वेळी दादाने माझ्या हातात मोठी रबरी रिंग दिली, म्हणाला, हिला धरून ठेवा, मी ओढत नेतो. मी दोन्ही हातांनी ती रिंग अशी पकडली, जशी विरार फास्टमध्ये वरची कडी पकडतात.

आणि मग मी डोळे उघडले.

दादर स्टेशन, पण शांत

कसं सांगू? कल्पना करा, सकाळी नऊ वाजताचं दादर स्टेशन. तेवढीच गर्दी, तेवढीच लगबग, प्रत्येकाला कुठेतरी पोचायचंय. फक्त आवाज बंद आणि सगळ्यांचे कपडे लग्नातले.

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक घोळका माझ्या नाकासमोरून गेला, मी जणू तिथे नव्हतेच. खाली हिरव्या-जांभळ्या ओठांचा एक भलामोठा शिंपला उघडा पडला होता. दादाने पाण्यात हात हलवताच झपकन मिटला. एका मऊ झालरीतून केशरी-पांढरा क्लाउनफिश डोकावला, हो, तोच तो ‘फाइंडिंग नीमो’वाला. ती झालर म्हणजे सी अॅनिमोन. तिला विषारी दंश करणाऱ्या पेशी असतात, पण क्लाउनफिशला त्यांचा त्रास होत नाही. तो तिच्यात लपतो आणि तिच्यावर चरायला येणाऱ्यांना हुसकावून लावतो. घर आणि वॉचमन, एकाच पॅकेजमध्ये!

मग कुरुम् कुरुम् असा आवाज आला. पाण्याखाली! कोणीतरी शेंगदाण्याची चिक्की खात असावं तसा. तो होता पॅरटफिश. पोपटासारखी चोच असलेला निळा-हिरवा मासा खडकावरचं शेवाळ खरवडत होता. त्यासोबत तो प्रवाळाचा चुनाही चावतो, तो पोटात दळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. अशा बेटांवर आपण जिच्यावर टॉवेल पसरून सेल्फी काढतो, त्या पांढऱ्या वाळूचा बराच भाग हा या महाशयांचा प्रसाद असतो. ही माहिती मी बँकवालीला मुद्दाम जेवताना सांगितली.

हे सगळं ज्यावर चाललं होतं, ती इमारत म्हणजे प्रवाळ. तपकिरी, फिकट जांभळं, मोहरीच्या रंगाचं. कुठे हरणाच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं, कुठे मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं. प्रवाळ म्हटलं की आपल्याला आठवतं अंगठीतलं लाल पोवळं. ते वेगळ्या जातीचं. हे रीफ बांधणारं. आणि मला, खरं सांगते, हे सगळं दगडाचंच वाटत होतं. रंगीत, नक्षीदार दगड.

आणि मी पाय टेकला

अर्धा तास मजेत गेला. मग हसू आलं. का, ते आठवत नाही. बहुधा एका गोलमटोल माशाचा चेहरा आमच्या जुन्या टीम लीडसारखा दिसला. पण मास्क लावून हसू नये. गालाला खळी पडते, मास्कची कड सुटते आणि पाणी आत येतं. खारं पाणी नाकात गेलं. नाक विसरायचं होतं, ते नेमकं आठवलं. मी श्वास घेतला, नाकानेच. आणि मी थेट वाईच्या घाटावर पोचले. वय वर्षं नऊ.

मी रिंग सोडली, उभी झाले, आणि पाय खाली झाडत काहीतरी घट्ट शोधू लागले. ते सापडलं. उजव्या पायाखाली काहीतरी लागलं, मी सगळा भार त्यावर टाकला आणि ते मोडलं. वाळकी काटकी मोडावी तसं. ऐकू नाही आलं, बुटाच्या तळव्यातून जाणवलं. त्याच झटापटीत गुडघा खरचटला. तोवर दादाने दंडाला धरून मला रिंगवर टाकलं होतं.

मी खोकत होते, रडत होते, ‘सॉरी सॉरी’ म्हणत होते. पण कोणाला, ते मलाच माहीत नव्हतं. दादा शांत. मी सावरल्यावर तो खाली गेला आणि माझ्या पंजाएवढी एक फांदी घेऊन वर आला. मला वाटलं, सुव्हेनिअर म्हणून देतोय! मी हात पुढे केला.

“दीदी, ये पत्थर नहीं है,” तो म्हणाला.

२०१६ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला, तेव्हा इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं. हा तुकडा त्यानंतर आलेला. ‘आम्ही रोज बघतो ना, हा वाढतोय का म्हणून,’ अशा अर्थाचं तो हिंदीत बोलला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्याने ती फांदी परत खाली नेली आणि खडकाच्या एका खाचेत घट्ट रोवली. कधी कधी अशी मोडलेली फांदी तग धरते, चिकटते, पुन्हा वाढते. कधी कधी नाही.

दगड नव्हे, वसाहत

त्या रात्री गुडघ्याला पट्टी बांधून मी लॅपटॉप उघडला. पत्रकार आहे, गिल्ट आलं की वाचायला बसते.

प्रवाळ म्हणजे लाखो इवल्याशा प्राण्यांची सोसायटी. प्रत्येक प्राणी म्हणजे एक पॉलिप. तोंड, पोट आणि चिमुकले हात, बाकी काही नाही. स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो आणि शेजाऱ्याला चिकटून राहतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल पेइंग गेस्ट म्हणून राहतात. ते उन्हावर अन्न बनवतात आणि भाडं म्हणून त्यातलं बहुतेक घरमालकाला देतात. प्रवाळाचा रंगही बराचसा या पाहुण्यांचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हा करार मोडतो. शैवाल बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं, नाहीतर संपलं. अंदमानने असे उन्हाळे २०१० मध्ये पाहिले, २०१६ मध्ये पाहिले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर केलं.

आणि वाढीचा वेग? फांद्यावालं प्रवाळ त्यातल्या त्यात घाईतलं. चांगल्या पाण्यात वर्षाला १० सेंटिमीटरच्या आसपास. गोल दगडासारखं दिसणारं वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर. म्हणजे डोक्याएवढा गोळा हा आपल्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. समुद्रतळाचा १ टक्कासुद्धा भाग या रीफनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या साधारण पाव प्रजातींचा संसार त्यांच्यावर चालतो.

माझ्या एका सेकंदाच्या घाबरण्याने कमीत कमी वर्ष-दीड वर्षाची मेहनत मोडली होती. समुद्र तापतोय त्याला मी एकटी काय करणार, हे खरं. पण त्या फांदीवर समुद्राने पाय दिला नव्हता. मी दिला होता.

पालथं शवासन

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, मी पुन्हा स्नॉर्केलिंग करणार नाही. हिंजवडीवाली, जी शाळेपासून पोहते, म्हणाली, “नको करूस. पण तरंगायला तर शीक.”

आमच्या रिसॉर्टसमोरचा किनारा बेटाच्या पूर्व बाजूचा. भरतीला कंबरभर पाणी आणि काठाला निव्वळ वाळू. पाय टेकला तरी कोणाचं घर मोडणार नाही अशी जागा. तिथे तिने मला सकाळभर एकच गोष्ट करायला लावली. मास्क लावून पालथं पडायचं, हात-पाय सैल सोडायचे आणि काहीही करायचं नाही. “योगा क्लासला शवासन करतेस ना? तेच. पालथं.”

आणि तेव्हा कळलं की खारं पाणी तुम्हाला बुडवायला बघत नाही, ते उचलायला बघतं. छातीत हवा असेल, श्वास सावकाश असेल तर शरीर आपोआप वर राहतं. बुडण्याची धडपड आपणच करतो. मग तिने मास्कमध्ये मुद्दाम पाणी घालून ते काढायला शिकवलं. डोकं पाण्याबाहेर, मास्कची खालची कड जरा उचला, पाणी गळून जातं. नळीत पाणी शिरलं तर जोरात ‘फू’ करा, फवारा उडतो. दहा वेळा केलं, वीस वेळा केलं. विसाव्या वेळी वाईचा घाट आठवला नाही.

आणखी एक गोष्ट कळली. मास्कमधून पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात. प्रकाश पाण्यातून मास्कमधल्या हवेत शिरताना वाकतो म्हणून. म्हणजे घाबरलेल्या माणसाला तळ ‘हा काय, इथेच’ वाटतो. पाय आपोआप तिकडे जातो.

चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा एलिफंट बीचला गेलो. तोच दादा. रिंग सोबत होती, पण मी तिला एका हाताने नुसती धरली होती, ओळखीच्या माणसाचं बोट धरावं तशी. मध्ये एकदा मास्कमध्ये पाणी आलं. छातीत धडधडलं. पाय खाली जायला निघाला... आणि मी तो वर घेतला. पाठीवर वळले, आकाश बघितलं, पाणी काढलं, पुन्हा पालथी झाले. बाहेरून बघणाऱ्याला काही विशेष दिसलं नसेल. माझ्यासाठी तीच ट्रिप होती.

ती फांदी मी शोधली. सापडली नाही. समुद्रात पत्ता विचारायला कोणी नसतं. पण दादाला विचारलं तर म्हणाला, “देखेंगे दीदी. बारिश के बाद.”

परत आल्यावर मी घराजवळच्या तलावात बिगिनर्स बॅचला नाव घातलंय. माझ्या बॅचमध्ये सगळे सात-आठ वर्षांचे. मला ‘ताई’ म्हणतात आणि माझ्या पुढे निघून जातात. मे महिन्यात वाईला जाणार आहे. मामाला सांगून ठेवलंय, वेणी आता कापली आहे.

जाताय? मग हे वाचाच!

मास्क तपासा: पट्टा न लावता चेहऱ्याला लावा, नाकाने हलकी हवा ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर बरोबर. मिशीवाल्यांनो, तुमचा मास्क गळणारच. काय कापायचं ते तुम्ही ठरवा!

आधी वाळूवर प्रॅक्टिस: तरंगणं, मास्क आणि नळीतलं पाणी काढणं हे कंबरभर पाण्यात, वाळूवर शिका. अंदमानला जाण्याआधी घरच्या स्विमिंग पूलमध्ये शिकलात तर उत्तम. तारकर्ली-मालवणलाही स्नॉर्केलिंग होतं, पण तिथेही तळाला जीव आहेत.

भरतीची वेळ विचारा: ओहोटीला पाणी उथळ होतं आणि पोट, गुडघे प्रवाळाला घासतात.

सनस्क्रीनपेक्षा बाह्या: पूर्ण बाह्यांचा स्विमिंग टॉप घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईने २०२१ पासून बंद केली, ती प्रवाळाच्या काळजीपोटीच.

काही उचलू नका: रीफ बांधणारं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. मेलेला तुकडाही बॅगेत नको.

एकट्याने नाही: गाइड किंवा जोडीदार हवाच. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. मगरीचा बोर्ड असेल तिथे अजिबात उतरू नका, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत.

आणि घाबरलात तर पाठीवर वळा, आकाश बघा, श्वास घ्या. पाय मात्र टेकू नका!